छेद लिहिल्याशिवाय क्रमांक लिहू नकोस

प्रिय बाय,

तुझ्या प्रबंधातला विद्यापीठांच्या क्रमवारीचा तक्ता मिळाला, आणि त्याखालचं वाक्यही: 'सर, तीन रीतींनी केलं, तीन वेगळे क्रम आले. मार्गदर्शक म्हणतात एकच यादी दे. आता खरी कुठली धरू?' हा वैताग माझ्या चांगला ओळखीचा आहे, म्हणून फोनवर दोन शब्दांत न आटोपता लिहायला बसलो आहे.

गोव्यात राज्य विद्यापीठ एकच. एकट्याची क्रमवारी लागत नाही, म्हणून तू पत्रादेवीची सीमा ओलांडून महाराष्ट्रातली अकरा सार्वजनिक विद्यापीठं घेतलीस, ते बरं केलंस. ती आपल्याला परकी नाहीत. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं; तोवर इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. माझ्या पदवीवरही मुंबईचाच शिक्का आहे.

आता मुद्द्यावर येतो. शोधनिबंध, पीएचडी, विद्यार्थी, शिक्षक असे तुझे रकाने आहेत आणि आकडे मेहनतीने गोळा केलेले दिसतात. पण बहुतेक आकड्यांखाली छेद नाही, म्हणजे कशाने भागायचं तो आकडा नाही. जिथे आहे तिथे तो कुठला, हे लिहिलेलं नाही. 'शिक्षकामागे विद्यार्थी' हा रकाना घे. शिक्षक म्हणजे कोण? मंजूर पदं? भरलेली पदं? की तासिका तत्त्वावर येणारे, ज्यांना आपण इथे लेक्चर बेसिसवाले म्हणतो, तेही धरून?

एक विभाग कल्पून बघ. मंजूर पदं १२, भरलेली ७, विद्यार्थी ८४, वर्षाचे शोधनिबंध २१. मंजूर पदांनी भागलंस तर शिक्षकामागे ७ विद्यार्थी, भरलेल्या पदांनी भागलंस तर १२. आता शोधनिबंध भाग. मंजूर पदांनी पावणेदोन येतात, भरलेल्यांनी ३. म्हणजे पाच जागा रिकाम्या राहिल्या म्हणून शिकवण्याच्या रकान्यात विभाग खाली घसरला आणि त्याच रिकाम्या जागांमुळे संशोधनाच्या रकान्यात वर चढला. पद न भरणं ही संशोधनातली कामगिरी कशी होईल? एखाद्याने पहिल्या रकान्यात मंजूर पदं घातली आणि दुसऱ्यात भरलेली, की दोन्हीकडे त्याची चांदी. असं करणारे मी पाहिले आहेत. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, तिच्या रीतीत शोधनिबंधांसाठी ही पळवाट बुजवायचा प्रयत्न आहे: विद्यार्थिसंख्येवरून किती शिक्षक असायला हवेत ते काढतात आणि तो आकडा नि प्रत्यक्ष असलेले शिक्षक यांतला मोठा आकडा छेदात धरतात. तू निदान एवढं तरी करायला हवं होतंस. छेद लिही, आणि सगळ्यांना एकच छेद लाव.

यात आणखी एक गोम आहे. राज्य विद्यापीठातलं पद मंजूर करणं आणि ते भरायला परवानगी देणं सरकारच्या हाती असतं. कुलगुरू पत्रं लिहून थकतात, जाहिरात निघत नाही, निघाली तर अडकते. तुझ्या तक्त्यात त्याचा दोष सरसकट विद्यापीठाच्या नावावर पडतो. रिकाम्या पदांचा रकाना वेगळा कर. वाचणाऱ्याला दिसू दे की अमुक विभाग सात माणसांत हे करतोय.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद डझनावर विकतात आणि बाहेरून आलेला आंबा किलोवर. तुझी आई ते दोन दर शेजारी ठेवून हा स्वस्त, तो महाग असं म्हणेल का? आधी फळ हातात घेऊन तोलते ती. मग विद्यापीठांच्या बाबतीत शिकलेली माणसं इतकी भोळी का होतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता विद्यापीठांची वयं बघ. मुंबई १८५७ची, नागपूर १९२३चं, पुणे १९४९चं, कोल्हापूर १९६२चं, गडचिरोलीचं गोंडवाना २०११चं. एवढं तुलाही पाठ असेल. पण या सालांमध्ये फाळण्याही दडलेल्या आहेत. १९९०ला पुण्यातून जळगाव वेगळं निघालं, १९९४ला मराठवाडा विद्यापीठातून नांदेड, २००४ला कोल्हापुरातून सोलापूर, तेही एका जिल्ह्यापुरतं, आणि २०११ला नागपुरातून गोंडवाना. वैद्यकीय कॉलेजं १९९८नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेली. दर वेळी जुन्या विद्यापीठाची कॉलेजं कमी झाली, परीक्षेचं ओझं हललं, शुल्काचं उत्पन्नही हललं. तू 'गेल्या पंचवीस वर्षांतली प्रगती' असा आलेख काढला आहेस. त्यात कोल्हापूरची रेघ २००४च्या पुढे वाकते, ती घसरण आहे की सोलापूर बाहेर पडल्याची खूण? छेदच बदलला, बाय, आणि तू अंशाकडे बघून निष्कर्ष काढलास. रेघ तिथे तोड आणि तळटीप दे.

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन परिषद, तिच्या श्रेणीबद्दल तू लिहिलं आहेस की 'ए डबल प्लस' असलेली विद्यापीठं वर ठेवली. कशाच्या बळावर? पुण्याला चारपैकी ३.६० गुण होते आणि श्रेणी मिळाली ए प्लस. कोल्हापूरला २०२१ साली ३.५२ गुण होते आणि श्रेणी मिळाली ए डबल प्लस. कमी गुणांना वरची श्रेणी, कारण मधल्या काळात पायऱ्याच बदलल्या. पुण्याच्या वेळी डबल प्लससाठी ३.७६ लागत, पुढे ती पायरी ३.५१वर आणली. दोन्ही विद्यापीठांनी काही वावगं केलेलं नाही. पण नुसती अक्षरं शेजारी ठेवणाऱ्याने केलं. वर्ष आणि पायरी लिहिल्याशिवाय श्रेणी लिहायची नाही. हाही छेदच आहे, फक्त त्याला कुणी छेद म्हणत नाही.

आता तू सर्वांत भरवशाचा म्हणून घेतलेला एनआयआरएफचा आराखडा. त्याला मी नावं ठेवणार नाही. निकष जाहीर आहेत: अध्यापन आणि साधनं ३०, संशोधन ३०, पदवीचं फलित २०, समावेशकता १०, लोकांचं मत १०. २०२४पासून राज्य सरकारी विद्यापीठांची वेगळी यादी निघते, हेही योग्य झालं. त्या पहिल्या यादीत अण्णा, जादवपूर आणि पुणे अशी पहिली तीन होती. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या रांगेत राज्याच्या विद्यापीठाला उभं करण्याची गरज त्यामुळे राहिली नाही. पण आत डोकावून बघ. समावेशकतेच्या गुणांत परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना वजन आहे. आपल्याकडे सीमेपलीकडच्या, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा मुलगा रोज घरून बसने ताळगावला गोवा विद्यापीठात आला तरी तो परराज्यातला. आणि गडचिरोलीची मुलगी सगळं राज्य ओलांडून मुंबईच्या वसतिगृहात राहिली तर ती स्थानिक. आपलं राज्य लहान, म्हणून हा निकष आपल्याला धार्जिणा आहे आणि मी गोव्याचा असूनही तुला सांगतो की हे गुण आपण कमावलेले नव्हेत. एका राज्याच्या आत तुलना करायची असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतून किती मुलं आली ते मोज.

शिवाय विद्यापीठांची ही यादी विद्यापीठाचे स्वतःचे विभाग बघते, संलग्न कॉलेजं नव्हे. मुंबई-पुण्याची बहुतेक पोरं संलग्न कॉलेजांत शिकतात. पालक मात्र क्रमांक वाचून गावातल्या कॉलेजाचा प्रवेश ठरवतात. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर हे ठळक लिही.

आणि संशोधन मोजतात ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नोंदलेल्या नियतकालिकांवरून. मराठीतल्या संशोधनपत्रिका तिथे जवळपास नसतातच. जुन्या दस्तांवर बसून वर्षानुवर्षं काम करणारा मराठीचा किंवा इतिहासाचा प्राध्यापक या हिशेबात शून्य. उलट ताळगावच्या पठारावर सागरविज्ञान आहे आणि खाली दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. असा शेजार लाभलेल्या विषयांचे शोधनिबंध घ्यायचे, सगळ्या विद्यापीठाच्या शिक्षकसंख्येने भागायचे आणि आलेली सरासरी मराठी विभागाच्याही नावावर लावायची, यात न्याय कुठे आहे? विभागाची तुलना विभागाशी कर. सांख्यिकी सांख्यिकीशी, मराठी मराठीशी. संपूर्ण विद्यापीठाचा एक क्रमांक ही वर्तमानपत्राची गरज आहे, प्रवेश घेणाऱ्या मुलीची नव्हे.

तू म्हणशील, सर नेहमीचंच दळण दळतात. हो, दळतो. मी ज्या संस्थेत शिकवत होतो तिथे मूल्यांकनाचा अहवाल भरायच्या समितीवर मला घेतलं होतं. टंकलेखन केलेलं एक पान माझ्याकडे आलं: 'पाहुण्यांची व्याख्यानं', पुढे भला मोठा आकडा. मी उजव्या समासात पेन्सिलीने एक उभी रेघ मारली आणि नवा रकाना केला, 'किती विद्यार्थी बसले होते'. हजेरीपट काढून भरायला लागलो. काही ठिकाणी आयोजकांपेक्षा श्रोते कमी होते. पान परत गेलं, समासातली रेघ खोडरबराने पुसून पुन्हा आलं. मी पुन्हा मारली. पुढच्या बैठकीचं पत्र मला आलं नाही, आणि त्यानंतर कधीच आलं नाही. पेन्सिलीच्या रेघेपायी बढतीच्या वेळी काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. आमच्या घरी अजून बोललं जातं की थोडं जुळवून घेतलं असतं तर प्राचार्य झाला असता. झालो असतो कदाचित. पण ज्या आकड्याखाली माझी सही, त्याचा छेद मला माहीत हवा. ही अट मी तेव्हा सोडली नाही, आजही सोडणार नाही, आणि जिला मी शिकवलं तिनेही सोडू नये असं मला मनापासून वाटतं. खंत एकच आहे. ते सगळे रकाने मी वह्यांत लिहून घरात ठेवले, कुठे छापायला दिले नाहीत. जे काम माझ्या हातून राहिलं त्याचाच एक तुकडा तुझ्या हाती आला आहे, म्हणून इतका जीव तुटतो. रागावून लिहिल्यासारखं वाटलं तर ते तसं घेऊ नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाही. तीन रीतींनी तीन क्रम आले, तर तिन्ही छाप. वजनं थोडी हलवली की जी दोन-तीन विद्यापीठं आपापसांत जागा बदलतात, ती तुझ्या मोजमापाला वेगळी ओळखता येत नाहीत. त्यांना एका ओळीत बसव, चौथा-पाचवा-सहावा असं भांडण लावू नकोस. वरचा गट, मधला गट, खालचा गट, आणि प्रत्येकाच्या आत वय नि कार्यक्षेत्र लिहिलेलं. गोंडवानाला मुंबईच्या शेजारी ठेवण्याऐवजी सोलापूर, नांदेड, जळगाव यांच्या शेजारी ठेव, तिथे त्याचं काम नीट दिसेल. श्रीमती नाथीबाई ठाकरसींच्या विद्यापीठाला मुलींच्या टक्केवारीचे गुण देऊ नकोस. ते महिलांसाठीच आहे, तो रकाना त्याला लागूच होत नाही. आणि शक्य असेल तर एक रकाना असा आण, जो फारसं कुणी आणत नाही: आत येताना मुलांचे गुण काय होते आणि बाहेर पडताना काय. नेटसेट, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, पास झालेल्यांचा आकडा घेशील तर बसलेल्यांचा छेद घे. तो मिळाला नाही तर रकानाच काढून टाक. रिकामा रकाना परवडला, बिनछेदाचा नको.

मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस, ते तुझे गुरू आहेत. त्यांना एकच यादी हवी असेल तर ती परिशिष्टात दे आणि तिच्या डोक्यावर कुठली वजनं लावली ते स्पष्ट लिही. मुख्य प्रकरणात मात्र माघार नको. फार ताणलं तर मला फोन कर, मी येऊन भेटेन त्यांना. माझं त्यांच्याशी बरं आहे.

मंजूर आणि भरलेल्या पदांचे आकडे वार्षिक अहवालांत सापडत नाहीत असं तू म्हणतेस. काहींत असतात, पुरवण्यांत बघ. नसतील तिथे माहिती अधिकाराचा अर्ज कर; शुल्क दहा रुपये आणि तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुझी सादरीकरणाची तारीख बघता अर्ज याच आठवड्यात जायला हवेत. मसुदा मी सोबत पाठवतो आहे. विभागवार, ३१ मार्चच्या तारखेला किती, असं विचार. मंजूर पदं हा एक प्रश्न आणि भरलेली हा दुसरा, असे दोन वेगळे क्रमांक घालून लिही. एकाच वाक्यात विचारलंस तर एकच आकडा हातात देतात.

तुझा,
सर