परतीची एक्झिट निघण्याआधी ठरव

तुझा प्रश्न वाचला. अंबड एमआयडीसीत नोकरी, कंपनी एल-१बी व्हिसावर (कंपनीच्याच अमेरिकेतल्या शाखेत बदलीसाठीचा व्हिसा) डेट्रॉइटजवळच्या प्लांटला पाठवते आहे, बायको आणि दुसरीतला मुलगा सोबत, पाच वर्षं राहून नाशिकला परत यायचं, तर तयारी काय करू? माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरीच लिहिते. व्हिसाची फी, बॅगांचं वजन, बँकेचं खातं हे सरकारी पानांवर आणि कंपनीच्या कागदांत मिळेल. ‘पाच वर्षं राहून परत’ हे वाचल्यापासून मात्र मला चैन नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधून इकडे यायला निघताना आम्हीही सगळ्यांना हेच सांगितलं होतं.

आधी रस्त्याचं सांगते, कारण पहिले काही आठवडे जीव तिथेच टांगणीला लागतो. नाशिकला पाथर्डी फाट्याला वळायचं राहिलं तर आपण पुढून वळतो आणि सर्व्हिस रोडने मागे येतो. इथल्या साध्या रस्त्यांवरही ती सोय आहे. एट माईल रोडसारख्या रस्त्यावर डावीकडे जायचं असेल तर चौक ओलांडायचा, पुढे यू-टर्न घ्यायचा आणि मागे यायचं. त्याला मिशिगन लेफ्टच म्हणतात. फ्रीवेवर, म्हणजे समृद्धीसारख्या विनाचौकाच्या महामार्गावर, तसं काही नाही. तिथे एक्झिटचा, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेचा, आकडा मैलांचा असतो. नोव्ही रोडची एक्झिट १६२, म्हणजे आय-९६ हा फ्रीवे पश्चिमेला मस्कीगनकडे सुरू होतो तिथून १६२वा मैल. पश्चिमेकडून येताना त्याच्या आधीची बेक रोडची, १६०. ती दिसली की लेन बदलायला घ्यायची. हिरव्या पाटीला खाली पिवळी पट्टी असेल तर ती लेन तुला बाहेरच नेणार, तुझी इच्छा असो वा नसो.

बाहेर पडायचा रॅम्प फुटतो तिथे मुख्य रस्ता आणि रॅम्प यांच्यामध्ये पांढऱ्या पट्ट्यांचा त्रिकोण असतो. नीट बघ, त्या पट्ट्यांवर टायरचे काळे, वाकडे ओरखडे दिसतील. ऐन वेळी ज्यांनी स्टिअरिंग फिरवलं त्यांचे ते. तू तसं करू नकोस. त्रिकोण कापायचा नाही, कडेला थांबून गाडी मागे घ्यायची नाही. एक्झिट गेली तर गेली, पुढची घ्यायची. रॅम्पच्या पिवळ्या पाटीवर २५ लिहिलं असेल तर ते मैल, म्हणजे ताशी साधारण ४० किलोमीटर. बर्फात त्याहूनही हळू. आणि ब्रेक वळणावर नाही, आधीच्या सरळ पट्ट्यातच लावायचा, कारण पुलावरचा रॅम्प जमिनीवरच्या रस्त्याच्या आधी गोठतो. निघण्याआधी तुम्ही दोघांनी समृद्धीवर भरवीरला चढून शिर्डीला उतरायचा सराव करा. दोघांनी म्हणते आहे. इथे गाडी न चालवणारी बाई घरात अडकते.

आता तुझ्या पाच वर्षांचं. एल-१बी जास्तीत जास्त पाच वर्षं चालतो हे तुला माहीत असेलच. तिसऱ्या वर्षाच्या आसपास साहेब बोलावतील आणि म्हणतील, एच-१बी या दुसऱ्या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव घालू या, ग्रीन कार्डची फाइल सुरू करू या. नाही म्हणायला तोंडच उघडत नाही. त्या दिवशी आपण परतीची लेन सोडतो, आणि सोडली हे कळतही नाही, कारण रोजचं आयुष्य तसंच चालू असतं. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. तुझा मुलगा आज सात वर्षांचा. एकविसाव्या वर्षी तो तुझ्या अर्जातून गळण्याची वेळ येते. ही वजाबाकी आजच बायकोसमोर बसून कर.

रस्त्यावर दोन मैल आधी पाटी लागते, घरात कोणी लावत नाही. ती आपणच लावायची. माझ्या मते तुमची खरी एक्झिट मुलाच्या पाचवीच्या आसपास आहे. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे. सातवी-आठवीत परत आणलेल्या मुलाला एकदम व्याकरण, निबंध आणि हिंदीही. बालभारतीची पुस्तकं आणच, पीडीएफ फुकट मिळतात तरी छापील आण. इथे महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा असते, तिथे पहिल्या महिन्यात नाव घाल. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला परत नेता येतं.

शाळेचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही. मुलीला तिसरीत घातलं तेव्हा फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. खरं तेच लिहिलं. पोर विमानाच्या झोपेतून अजून उठलेली नव्हती, तशात एका अनोळखी बाईने तिला वेगळ्या खोलीत नेऊन इंग्रजीची चाचणी घेतली. ती बोललीच नाही. नाशिकला इंग्रजी माध्यमात शिकलेली, गोष्टींची जाडजूड पुस्तकं वाचणारी मुलगी वर्षभर वाचनाच्या तासाला वर्गातून उठवून ‘इंग्रजी न येणाऱ्यांच्या’ टेबलावर बसवली. त्यातून एक्झिट व्हायची परीक्षा वर्षातून एकदाच. मी बाईंना भेटले, मुख्याध्यापकांना भेटले, सगळे गोड हसले आणि नियम दाखवला. ती आता मोठी झाली आहे, तिला काही आठवत नाही म्हणते. मला त्या टेबलाचा रंगसुद्धा आठवतो. तू फॉर्मवर मराठीच लिही. पण चाचणी आठवडाभर पुढे ढकलायला सांग आणि मुलाच्या नाशिकच्या शाळेची प्रगतीपुस्तकं शिक्क्यासह आण.

एकटेपणाचं विचारलं आहेस. होतं. नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो तेव्हा जास्त होतं. मंडळाचा गणपती आहे, माणसं चांगली आहेत, निभतं.

निभत नाही ते वेगळंच. इंदिरानगरचा फ्लॅट आम्ही अजून ठेवला आहे. भाड्याने देत नाही. घरपट्टी भरतो, आई आठवड्याला जाऊन नळ सोडून येते, गंज धरू नये म्हणून. पूर्वी फोनवर ती विचारायची, कधी येताय? आता विचारते, किती दिवसांसाठी येताय? मुलीची पाचवी झाली की जाऊ म्हणालो, मग फाइल लागली, मग तिचं हायस्कूल आलं. प्रत्येक वेळी थांबण्याचं कारण खरं होतं, आजही त्यातलं एकही खोटं म्हणता येत नाही. यांना विचारलं तर म्हणतात, रिटायर झालो की बघू. मी काहीच म्हणत नाही, कारण मला जायचं आहे की जायचं असलेलं बरं वाटतं, हे मलाच सांगता येत नाही. हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

म्हणून सांगते, वर्ष आणि महिना कागदावर लिहून ये. तो कागद तुम्हा दोघांच्या आईवडिलांना दाखवून ये. बदलायचा असेल तर साहेबांच्या केबिनमध्ये नाही, त्यांच्याशी बोलून बदला.

आणि एक काम मात्र लगेच. पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, तिची काळजी नाही, काळजी जन्मदाखल्याची. परत यायचं पक्कं असलं तरी तिघांचेही दाखले काढ. यांच्या दाखल्यावर मुलाचं नावच नव्हतं, नुसतं ‘पुरुष’ आणि आईवडिलांची नावं. ग्रीन कार्डच्या वेळी ते नाव चढवायला सासऱ्यांनी तालुक्याच्या कार्यालयात कितीतरी हेलपाटे घातले, शेवटी दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रंही जोडावी लागली. दाखल्यावरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघ. २०२७चा सिंहस्थ जवळ येईल तशी नाशिकची सगळी कार्यालयं त्यात गुंततील, त्याआधीच हे उरकून घे. तिकिटं निघाली की तारीख कळव. हे गाडी घेऊन विमानतळावर येतील, पहिल्या दिवशी तू चालवू नकोस.