पीटीच्या तासाला शेवटी उरणाऱ्या मुलाला संघात घालावं का?

"मॅडम, त्याला शाळेत कुणी संघात घेत नाही, म्हणून तर तो असा घुम्या झाला. आणि आता डॉक्टर म्हणतात, गटात खेळायला पाठवा. ज्या विहिरीत पडला त्याच विहिरीत परत ढकलायचं का?"

हा प्रश्न नववीतल्या एका मुलाच्या आईचा. मुलगा शाळेच्या दिवशी सकाळी हमखास पोट धरून बसायचा. रात्री दीड-दोनपर्यंत जागा, जेवणाचं ताट खोलीत, वर्गात उत्तर द्यायला उभं केलं की दरदरून घाम. मानसोपचारतज्ज्ञांनी सामाजिक भीती आणि त्याच्या जोडीला सौम्य नैराश्य असं निदान केलं होतं. वैयक्तिक समुपदेशन चालू ठेवून बरोबरीने खेळगट, म्हणजे समुपदेशकाच्या देखरेखीखाली गटात खेळण्याचा उपचार, सुचवला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, शिवाय यात एकाहून अधिक मुलांचे अनुभव एकत्र आले आहेत.)

आईची धास्ती अनाठायी नव्हती. मैदानावर सोडलं की मूल आपोआप मोकळं होतं, हा आपला लाडका गैरसमज. दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात आणि शेवटचा उरलेला 'घे रे ह्याला तू' म्हणून ढकलला जातो, हे दर आठवड्याला अनुभवणाऱ्या मुलाला खेळानेच जखम केलेली असते. उपचाराचा गट वेगळा ठरतो तो खेळामुळे नाही, खेळाभोवती आखलेल्या चौकटीमुळे. ती चौकट नसेल तर घरी बसलेलं बरं, इतकं स्पष्टच सांगितलेलं चांगलं.

गटात घेण्याआधी प्रत्येक मुलाला एकट्याने भेटायचं असतं. त्या भेटीत जीव नकोसा होतो का, स्वतःला इजा केली आहे का, हे थेट विचारायचं. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं याने मूल सुटकेचा श्वास टाकतं. ज्याच्या मनात आत्महत्येची योजना आहे, ज्याला भास होताहेत, किंवा खाणं तोडून वजन धोक्याच्या खाली गेलंय, त्याला आत्ता गट नको. आधी मानसोपचारतज्ज्ञ. दमा, फिट, हृदयाचा त्रास, रक्त कमी असणं याची नोंद डॉक्टरांकडून घ्यायची. औषधांचीही. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर घामावाटे पाणी आणि मीठ जाऊन त्याची रक्तातली पातळी चढू शकते. अशा मुलाला भर उन्हात पळवणं धोक्याचं, आणि किती पाणी प्यायचं, कोणत्या वेळी खेळायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आता खेळ कोणता? इथे अनेक जण क्रिकेट सुचवतात. क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर बाद झालेलं मूल अर्धी दुपार कडेला बसून स्वतःला कोसत राहतं, आणि सीमारेषेवर उभं केलेल्या एकलकोंड्याला आणखी एकलकोंडं व्हायला छान जागा मिळते. कबड्डी उत्तम खेळ, पण चढाईला गेलेला एकटा आणि समोर सात जण, वर अंगाची पकड. सुरुवातीला हे जड जातं. खो-खो मात्र या कामासाठी फार सोयीचा. आठ जण पाटीवर एकाआड एक विरुद्ध तोंडं करून बसलेले, एक उठलेला, तीन पळणारे, म्हणजे बरोबर बारा. गटही बाराचाच ठेवायचा. मग दोन संघ पाडायलाच नकोत, कप्तानाने निवडायची भानगडच नाही. दहाच आले तर दोन पाट्या कमी करायच्या.

नियमांत थोडी मोडतोड करावी लागते. मोठ्यांच्या सामन्यात नऊ मिनिटांची पाळी असते, इथे तीन मिनिटं पुरतात. बाद झालेला बाहेर बसत नाही, तो पाटीवर येतो आणि पाटीवरचा पळायला जातो. पहिले सहा आठवडे गुण मोजायचे नाहीत. खांब असतील तर त्यांना गादी गुंडाळायची, कारण उत्साहात सूर मारणारा एखादा निघतोच. मैदानावर आधी पाणी शिंपडलेलं असावं. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच.

स्पर्शाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी विसरला जातो. खो देताना पाठीला हात लागतो. ज्या मुलावर अत्याचार झालाय, ज्याला मार बसलाय, त्याला पाठीमागून अचानक आलेला हात सहन होत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारायचं: खांद्यावर चालेल, पाठीवर चालेल, की नुसता आवाज? कारण विचारायचं नाही. आणि टी-शर्ट सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे द्यायचे, म्हणजे हातावरचे वळ झाकणारं मूल एकटं उठून दिसत नाही. गटात मुलगी एकटीच नको, दोन-तीन तरी हव्यात. एकाच वर्गातली दोन मुलं नकोत. वयातलं अंतर दोन वर्षांपेक्षा जास्त नको. आणि गट एकदा सुरू झाला की मध्येच नवा भिडू घ्यायचा नाही.

बैठक दीड तासाची, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. सुरुवातीची १० मिनिटं गोलात बसून आज अंगात जोर किती हे एक ते दहात सांगायचं, मग १५ मिनिटं लंगडी किंवा हलका व्यायाम, ४० मिनिटं खेळ, आणि लगेच, पाणी पिता पिता, २५ मिनिटं पुन्हा गोल. ही शेवटची २५ मिनिटं कापली तर उपचार गेला, उरली नुसती शिबिरं घेणाऱ्यांची करमणूक. मैदानावर माणसं दोन लागतात: खेळाचे सर शिट्टी सांभाळतात, समुपदेशक चेहरे.

आता या मुलाकडे येऊ. पहिल्या बैठकीत त्याला खो मिळाला, तो उठला, धावलाही बरा. खो द्यायची वेळ आली तेव्हा हात समोरच्या मुलीच्या खांद्याला लागला, ओठ हलले, आवाज मात्र घशातच राहिला. ती उठली नाही. पळणारा निसटला. "अरे ओरड ना!" कुणीतरी खेकसलं. त्याच पाळीत तीन पाट्या पलीकडे बसलेला एक चळवळ्या मुलगा, ज्याला लक्ष टिकवायचा त्रास होता, खो मिळायच्या आधीच दोनदा उठून पळाला. एकाचा खो निघत नाही, दुसऱ्याला खो मिळेपर्यंत धीर धरवत नाही. नियमाच्या पुस्तकात दोन्ही फाऊल. गोलात मात्र तेवढ्यावर बरंच बोलता येतं.

तिथे 'कसं वाटलं?' विचारायचं नाही. त्याचं उत्तर 'छान' असं येतं आणि बोलणं संपतं. त्या दिवशी विचारलं गेलं, "खो कधी मिळाला नाही असं झालं?" मुलगी म्हणाली, "हात लागला, पण आवाज आला नाही. उठले असते तर फाऊल." तक्रारीचा सूर नव्हता, नुसती माहिती. चळवळ्या म्हणाला, "मला तर आवाज नसतानाच ऐकू येतो." सगळे हसले, हा मुलगाही हसला. मग गटानेच तोडगा काढला. पुढची एक पाळी सगळ्यांनी कुजबुजत खो द्यायचा, म्हणजे बसणाऱ्याला कान टवकारून बसावं लागेल. त्यानंतरची बोलण्याच्या आवाजात, आणि शेवटची गल्ली गोळा होईल इतकी मोठ्याने. भीतीच्या पायऱ्या करून एकेक चढणं हे उपचारातलं जुनं, पारखलेलं तंत्र. इथे ते बारा जणांनी मिळून केलं, त्यामुळे पायरी 'त्याच्यासाठी' आहे असं कुणाला म्हणता आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज फाटका का होईना, बाहेर पडला.

दुसरी गोष्ट नाडीची. खेळ थांबला की सगळ्यांनी मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. तीन मिनिटांनी पुन्हा. वर्गात उभं राहिल्यावर होणारी धडधड, घाम, कोरडं तोंड हे सगळं मैदानावरही होतं, फक्त इथे कुणी त्याला संकट समजत नाही. पाचव्या आठवड्यात हा मुलगा म्हणाला, "तेवढंच धडधडतंय, पण भीती नाहीये." त्याला हे समजावून सांगून पटलं नसतं.

मध्ये एक खड्डा येतो, तो पालकांनी आधीच माहीत करून घ्यावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गटात खटके उडतात. सुरुवातीचा शिष्टाचार संपतो, मुलं खरी वागायला लागतात. मुलाला काढून घेणारे पालक बहुधा याच सुमाराला काढून घेतात. इथेही खटका उडालाच. गुण मोजत नसतानाही चळवळ्याने "ह्याच्यामुळे सुटला तो" असं सुनावलं. हा घरी आला, बूट भिरकावले, "परत जाणार नाही." आईचा फोन आला. तिला सांगितलं, "ताई, कायमचं जा म्हणू नका. एकदाच जा आणि जे वाटलं ते तिथे सांगून ये, एवढंच म्हणा. पळायचं नसेल तर घड्याळ धर म्हणावं." वेळ मोजणं हे गटातलं खरं काम असतं, सोय म्हणून दिलेली खुर्ची नव्हे. दोन बैठका त्याने स्टॉपवॉच धरलं. गोलात, मान खाली घालूनच, तो म्हणाला, "माझं नाव घेऊन बोललास ते आवडलं नाही." माफी लगेच आली नाही. चळवळ्या म्हणाला, "मला राग आला की आधी तोंड सुटतं." त्यावर गटाने नियम केला: पाळी चालू असताना नाव घेऊन दोष द्यायचा नाही, गोलात बोलायचं. तिसऱ्या बैठकीला हा स्वतःहून पाटीवर बसला.

बिघाड बहुतेक मोठ्यांमुळे होतो. खेळाच्या सरांना चांगला पळणारा दिसला की हात शिवशिवतात आणि ते त्याला तालुक्याच्या स्पर्धेसाठी घडवायला लागतात. पालक कडेला उभे राहून "पळ, पळ!" ओरडतात, म्हणून पालकांना मैदानावर बंदी. काही जण गोलातलं घरी खोदून काढतात. तिथलं बोलणं तिथेच राहतं. अपवाद दोनच, आणि ते पहिल्या दिवशी मुलांसमोर सांगायचे: जिवाला धोका असेल तर पालकांना कळवलं जाईल, आणि लैंगिक अत्याचार समोर आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

"पण पुढच्या वर्षी दहावी आहे," हेही आईने विचारलंच. आठवड्याचे तीन तास जातात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, त्याच्या निम्मेही नाहीत. फक्त बैठक रात्री उशिरा नको, झोप बिघडते.

बारा आठवड्यांनी काय झालं? झोपायची वेळ साडेअकरावर आली. सकाळचं पोटदुखीचं नाटक, जे कधीच नाटक नव्हतं, आठवड्यातून चार दिवसांवरून एखाद्या दिवसावर आलं. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात ते पुन्हा वाढलं. वर्गात हात वर करून उत्तर तो अजून देत नाही. औषध डॉक्टरांनी चालू ठेवलंय, वैयक्तिक भेटीही पंधरवड्याने सुरू आहेत. मैदानावरून बसस्टॉपपर्यंत मात्र तो चळवळ्याबरोबर चालत जातो.

गट नाही अशा गावात मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं, तर खेळाची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

गट संपताना आईने विचारलं, शाळेच्या संघात नाव द्यायचं का. मुलाला विचारा, असं सांगितलं. आणि पीटीच्या सरांना भेटून एकच विनंती करा: कप्तानांना गडी निवडायला लावू नका, सगळ्यांना रांगेत उभं करून एक-दोन, एक-दोन म्हणायला लावा.