गाळ्याचे कुलूप आणि करारातील कलमे

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमचा वडिलोपार्जित मातीचा वाडा पाडून आम्ही त्याच जागी पक्के घर बांधत आहोत. दिवाळीपर्यंत कपाटे, पितळी भांडी, शिलाई मशीन आणि तुरीची बारा पोती ठेवण्यासाठी तालुक्याच्या गावी टिनाच्या शेडमधील एक गाळा भाड्याने मिळत आहे. मालकांनी चार पानांचा इंग्रजी करार दिला आहे. ‘सामान ठेवणाऱ्याच्या जोखमीवर’ आणि ‘भाडे थकल्यास सामान विकण्याचा मालकास अधिकार’ अशी कलमे त्यात असल्याचे भाच्याने वाचून सांगितले. सही करावी का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : गाळ्याला कुलूप आपले लागणार की मालकांचे, हे आधी विचारून घ्यावे. कुलूप-किल्ली आपली असेल, तर आपल्याला मिळते ती केवळ जागा वापरण्याची परवानगी, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. आत काय आहे हे मालकाने मोजलेले नसते, त्यामुळे जोखमीचे कलम अशा व्यवहाराला फारसे विसंगत नाही. मात्र मालकाने सामान मोजून स्वतःच्या ताब्यात घेतले, पावती दिली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार तो निक्षेप, म्हणजे दुसऱ्याची वस्तू परत देण्याच्या बोलीवर सांभाळायला घेणे, ठरतो, आणि सामान्य समजदार माणूस स्वतःच्या वस्तूंची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याला घ्यावीच लागते. ती जबाबदारी एका छापील ओळीने झटकून टाकणे त्याला सोपे जात नाही. कुलूप आपले असले, तरी छताची दुरुस्ती मालकाकडे राहील हे लिहून घ्यावे, कारण टिनाचे पत्रे खिळ्यांच्या भोकांतून गळतात आणि आपले सामान नेमके पावसाळाभर तिथे राहणार आहे.

विक्रीचे कलम मात्र आहे तसे स्वीकारू नये. अमेरिकेतील राज्यांत अशा साठवण-गाळ्यांसाठी वेगळे कायदे आहेत आणि थकबाकीदाराच्या सामानाचा लिलाव त्यांत ठरलेल्या पद्धतीने होतो. छापील करारांतील ही भाषा बहुधा तिकडूनच आलेली असते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. शिवाय माल अडवून ठेवणे वेगळे आणि तो विकणे वेगळे. तारण घेणाऱ्याला विक्रीचा अधिकार कायदा देतो, तोही वाजवी नोटीस दिल्यानंतरच. आपण तर सामान तारण ठेवत नाही. म्हणून हे कलम काढून टाकण्याचा आग्रह धरावा. मालक ऐकत नसतील, तर किमान तीस दिवसांची लेखी नोटीस, दोन साक्षीदारांसमक्ष यादी आणि थकबाकी वळती करून उरलेली रक्कम परत, एवढे तरी त्यात घालून घ्यावे. नोटिशीसाठी पत्ता देताना पाडलेल्या वाड्याचा देऊ नये, नाहीतर ती ढिगाऱ्यावर येऊन पडेल. सध्या राहता तो पत्ता द्यावा.

आपण लिहिलेले नाही, पण ‘नुकसानीची तक्रार सात दिवसांत न केल्यास हक्क संपेल’ असेही कलम अशा करारांत आढळते. दाद मागण्याची कायदेशीर मुदत अशा रीतीने आखडणारी अट करार कायद्याच्या कलम २८ नुसार तेवढ्यापुरती रद्दबातल असते.

नोंदणीबाबत थोडक्यात सांगायचे, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात साठवणीसाठी दिलेल्या जागांचाही उल्लेख आहे, आणि तो लागू असलेल्या क्षेत्रात कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. कराराची मराठी प्रत मागण्यात संकोच बाळगू नये.

तूर मात्र या गाळ्यात ठेवू नये. उंदीर आणि कीड लागते म्हणून बरेच मालक धान्याला मनाईच करतात, आणि मनाई असताना ठेवलेल्या वस्तूचे नुकसान आपल्याच माथी येते. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात जागा असेल, तर तिथे माल तोलून पावती मिळते आणि त्या पावतीवर बँकेकडून कर्जही घेता येते. उरलेल्या सामानाची छायाचित्रांसह यादी करून तिच्यावर मालकाची सही घ्यावी. आणि घराचा विमा असलाच, तर तो वाड्याच्या पत्त्यापुरता आहे की गाळ्यालाही लागू होतो, हे सामान हलवण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.