मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीनं चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझमला अर्ज करावा का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, सगळं शिक्षण मराठीतून, आणि पत्रकारच व्हायचंय. एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझमला (तिथं सगळे एसीजे म्हणतात) अर्ज करायचं मनात आहे. पण देशभरातून फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं येतात, जागा मोजक्या आणि फी लाखांत, म्हणून ‘आपल्याला कोण घेणार’ असं वाटून हात आखडलाय. घरचे म्हणतात, सरळ पुण्याला रानडेला (रानडे इन्स्टिट्यूट, पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) जा. वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मी सेलूची, जिल्हा परभणी. एसीजेतच शिकले आणि आता मुंबईत बातमीदारी करते. तू अर्ज कर, असं माझं सरळ मत आहे. घेतील की नाही याचा विचार तू करूच नकोस, तो त्यांना करू दे. खरा विचार पैशांचा करायला हवा आणि त्याबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. त्यावर येतेच, पण आधी तुझी भीती.

मी पहिल्यांदा अर्ज केला २०११ साली. लेखी परीक्षा झाली, मुलाखतीला बोलावलं. तेव्हा मी सेलूहून एका दैनिकाला बातम्या पाठवायचे, म्हणून विचारलं की अलीकडे कुठली बातमी केलीत. मी कापसाची सांगितली. विकायला आणलेल्या कापसात ओलावा जास्त दाखवून भाव पाडतात, अशी ती बातमी होती. माझं इंग्रजी तुटक होतं, क्रियापदं चुकत होती, तरी समोरची माणसं कान देऊन ऐकत होती. मग एकानं विचारलं, “ओलावा मोजायच्या मीटरवरचा आकडा तुम्ही स्वतः पाहिला का?” नव्हता पाहिला. शेतकऱ्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. तसंच उत्तर दिलं. त्या वर्षी यादीत माझं नाव आलं नाही.

का आलं नाही ते मला कुणी सांगितलं नाही, पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. पुढच्या हंगामात आठ दिवस रोज सकाळी मार्केट यार्डात जाऊन बसले. मीटरची टोकं कापसात खुपसायची, आकडा दिसतो न दिसतो तोच मीटर उचलायचा आणि तोंडी भाव सांगायचा, असा सगळा प्रकार. पहिल्या दिवशी तर तिथून हाकललंच मला. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात देऊन त्याच्या गाडीवर चढवून घेतलं आणि मीटरवाल्याला म्हणाला, “पुतणी हाय माझी. आकडा हिला दाखवा, मला दिसत न्हाई.” त्या दिवशी मी पहिला आकडा माझ्या डोळ्यांनी पाहून वहीत लिहिला. २०१२ च्या मुलाखतीला ती वही बरोबर नेली होती. निवड झाली.

यावरून तुला कळेल की परीक्षेत इंग्रजी लागतं, पण कितपत. रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र न अडता वाचता आलं पाहिजे आणि एक पान साधं, बिनचूक लिहिता आलं पाहिजे. उच्चार कसे आहेत, कॉन्व्हेंटची आहेस का, याची काळजी सोड. आजपासून रोज एक इंग्रजी बातमी वाच, पेपर मिटव आणि तीच बातमी आपल्या शब्दांत दहा ओळींत लिही. मी सहा महिने हेच केलं. तरीही खोटं सांगत नाही, तिथले पहिले दोन महिने जड गेले. बाकीचे अर्ध्या तासात कॉपी (म्हणजे लिहिलेली बातमी) देऊन चहाला जायचे, मला दोन तास लागायचे. रात्री वसतिगृहात रडलेही आहे. दिवाळीनंतर हात बसला.

आता तिथं काय शिकवतात ते सांगते, कारण माहितीपत्रकावरून ते कळत नाही. कॉलेज चेन्नईत आहे २००० सालापासून, आता तरमणी भागात. पदव्युत्तर पदविका, साधारण दहा महिन्यांची. वर्गात बसून नोट्स उतरवणं कमी. शहरात जा, माणसं शोध, वेळेत कॉपी दे, असंच बहुतेक. ‘द वर्ड’ नावाचं वृत्तपत्र विद्यार्थीच काढतात. आणि ‘कव्हरिंग डेप्रिव्हेशन’ नावाचा विषय आहे, वंचितांच्या जगण्याची बातमीदारी. ग्रामीण भारतावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी तो तिथं शिकवलाय. त्यासाठी गट करून दूरच्या खेड्यांत पाठवतात.

मला सगळ्यात मोठा धडा मात्र कॉलेजपासून जवळच मिळाला. बेझंट नगरच्या किनाऱ्याला लागून ऊरूर ओल्कॉट कुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. मासळी विकणाऱ्या एका बाईशी बोलायला मी गेले. मला तमिळचं अक्षर येत नव्हतं, म्हणून वर्गातल्या मदुराईच्या मैत्रिणीला बरोबर घेतलं. बर्फाचा खर्च किती वाढला, एवढंच मी विचारलं. ती बाई हात हलवून, मधेच पाटीकडे बोट दाखवून, मधेच डोळे पुसून चांगली पाच मिनिटं बोलली. मैत्रीण माझ्याकडे वळून म्हणाली, “बर्फ महागलाय म्हणते.” मी तेच लिहून दिलं. शिक्षकांनी कॉपी वाचली, मी घडलेलं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “पाच मिनिटांची ही एकच ओळ? बाकीचं कुठं गेलं?” परत गेलो. या वेळी मैत्रिणीला म्हटलं, वाक्य न् वाक्य सांग. त्यात मुलीचं मोडलेलं लग्न होतं, सावकार होता, आणि बर्फ परवडत नाही म्हणून दुपारी बारापर्यंत मासळी मिळेल त्या भावाला देऊन टाकावी लागते, हे होतं. खरी बातमी ती होती.

त्या दिवशी घरची फार आठवण आली. परभणीत, लातुरात, बीडला दिल्लीचे बातमीदार येतात तेव्हा आपल्या माणसांचं असंच होत असणार. पाच मिनिटांची एक ओळ.

चार वर्षांनी ते डोळ्यांसमोर घडलं, तेही तुझ्याच गावात. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तू तेव्हा शाळेत असशील. मला माझ्या इंग्रजी पेपरानं पाठवलं होतं. कॅमेरे सगळे स्टेशनवर. मी संध्याकाळी एका वस्तीत गेले, टँकरची वाट बघत बायका बसल्या होत्या. घागरींची रांग होती आणि प्रत्येक घागरीवर ऑइलपेंटनं नाव घातलेलं. एक बाई दुसरीला म्हणाली, “माझा नंबर जाईल म्हणून लेकराला दवाखान्यात न्यायचं राहिलंय, उद्यावर टाकलंय.” मला काही विचारावंही लागलं नाही, कानावरच पडलं ते. दुभाष्या घेऊन आलेल्याला ते वाक्य कधीच मिळालं नसतं, कारण ते त्याच्याशी बोललेलं नव्हतं. माझ्या बातमीची पहिली ओळ तीच झाली.

तुला जी अडचण वाटते, ते मराठी तुझं भांडवल आहे. कॉलेज तुला आकडा तपासायला शिकवेल, कागद मागायला शिकवेल, ‘कशावरून?’ विचारायला शिकवेल. घागरीपाशी बसून ऐकायचं तू आधीच शिकली आहेस. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असा मजकूर असायचा. आपल्या पत्रकारितेची सुरुवातच दोन भाषांतून झाली आहे, तू काही वेगळं करत नाहीस.

आता पैसे. इथं मात्र मी तुझ्या वडिलांच्या बाजूची आहे.

फी काही लाखांत आहे, शिवाय चेन्नईत राहणं-खाणं आलं. माझ्या वेळी मला थोडी शिष्यवृत्ती मिळाली, उरलेल्यासाठी तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. हप्ता साडेपाच हजार, सात वर्षं. मुंबईतल्या इंग्रजी पेपरात पहिला पगार २५,००० होता म्हणून निभावलं, तेही विरारला चौघी एका खोलीत राहून. सेलूला राहून ज्या दैनिकाला बातम्या पाठवायचे त्यांनी तर चार महिने मानधनच दिलं नव्हतं. त्या पैशांत हप्ता फिटला नसता. बरोबरची एक मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली बातमीदार होती. तिला स्वतःच्या गावी जाऊन आपल्या भाषेत काम करायचं होतं. हप्ता भरायचा म्हणून ती एका कंपनीत जाहिरातीचा मजकूर लिहायला गेली आणि तिकडचीच झाली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून वडिलांच्या शेजारी बसून वहीत मांड: कर्ज किती, हप्ता किती, आणि तुला ज्या कामाला लागायचंय त्याचा पहिला पगार किती. मुंबई-दिल्लीत इंग्रजीत काम करायची तयारी असेल तर हिशोब जमतो. पहिल्या दिवसापासून लातुरातच, मराठीतच लिहायचं असेल, तर भरघोस शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय जाऊ नकोस. निवड झाली तरी जाऊ नकोस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मीच सांगितलं नाही तर कोण सांगेल?

आणखी एक विचारून घे. एसीजे कुठल्या विद्यापीठाशी संलग्न नाही. पुढं नेट किंवा पीएचडी करायची असेल, किंवा जाहिरातीत मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागणारी सरकारी नोकरी हवी असेल, तर तिथं ही पदविका चालतेच असं धरून चालू नकोस. वर्तमानपत्रांत आणि चॅनेलांत मात्र कॉलेज संलग्न नाही म्हणून कुणाचं अडत नाही.

रानडेला हलकं समजू नकोस. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या इमारतीत १९६४ पासून पत्रकारिता शिकवतात, विद्यापीठाची पदवी मिळते, फी आवाक्यातली आहे. मराठी वृत्तपत्रांच्या कुठल्याही कचेरीत जा, तिथला कुणी ना कुणी भेटतोच. पुण्यात राहून शिकता शिकता कामही मिळतं. आणि आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) अमरावती केंद्र बघितलंस का? दिल्लीची ही सरकारी संस्था १९६५ ची, आणि अमरावतीला तिची मराठी पत्रकारितेची पदविका आहे. तुझ्या प्रश्नात तिचं नावच नव्हतं म्हणून सांगते. प्रवेशाची पद्धत तिथं मधून मधून बदलली आहे, त्यामुळे मागच्या वर्षी कुणी काय केलं ते न विचारता यंदाची सूचना वाच. तिन्हीकडे अर्ज कर. प्रवेश कुठं घ्यायचा ते मे-जूनमध्ये, हातात पत्र आणि शिष्यवृत्तीचा आकडा आला की ठरव.

तोवर एक काम कर. लातुरात तुझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरची एकच गोष्ट धर. तुमच्याकडे सोयाबीनचा बाजार मोठा आहे, ओलाव्याचं भांडण तिथंही असतंच. किंवा शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या मेस बघ, खोल्यांची भाडी बघ. आठ दिवस जा. जे लिहिशील त्यातला प्रत्येक आकडा स्वतः पाहिलेला असू दे. आधी मराठीत लिही, मग तूच इंग्रजीत कर. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर ठेव.

आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला घरच्या उत्पन्नाचे कागद लागतात. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला याच आठवड्यात टाक. माझा उशिरा मिळाला होता, शेवटच्या दिवशी सेलूहून परभणीला जाऊन स्कॅन करून पाठवावा लागला.