गोव्यात मित्रांसोबत होडीने एखाद्या बेटावर जाऊन दिवसभर निवांत जेवता-बसता येईल असं ठिकाण कोणतं?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: सहा जण, जानेवारीत येताय, एकाला पोहता येत नाही, दोघं शाकाहारी आहेत, आणि बोटीने बेटावर जाऊन दुपारभर पाय पसरून जेवायचंय. मी पणजीत राहतो आणि मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना फिरवायचं काम आमच्या घरात माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किनाऱ्यावर ‘आयलंड ट्रिप’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा ग्रँड आयलंड. वास्कोजवळच्या समुद्रात हे बेट आहे. सकाळी बोट, मग स्नॉर्केलिंग, कागदी ताटलीत बार्बेक्यू, बीअर आणि कान फाटेल असा स्पीकर. पाण्यात उतरायची हौस असेल तर जरूर जा. पण तुम्हाला हवी असलेली दुपार तिथे मिळणार नाही, कारण बोटवाल्याचं घड्याळ पुढच्या गिऱ्हाइकावर लागलेलं असतं. आणि जायचंच ठरलं तर लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळून. २०२४च्या नाताळात कळंगुटजवळ पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला होता. तुमच्यातल्या एकाला पोहता येत नाही, त्यामुळे हे आधीच सांगितलेलं बरं.

माझं मत विचाराल तर समुद्र सोडा, मांडवी नदी धरा आणि दिवाडीला जा.

दिवाडी हे मांडवीतलं बेट. पूल नाही, त्यामुळे येणं-जाणं सगळं फेरीबोटीवर. नदी परिवहन खात्याची बोट असते, चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि आपण चढतो तेव्हा शेजारी शाळेची पोरं, पाववाला आणि कुणाचा तरी गॅस सिलिंडर असतो. जुने गोव्यातून जायचं तर चर्चच्या आवाराकडून खाली उतरून व्हाइसरॉयच्या कमानीतून पुढे गेलं की धक्का. ही कमान १५९९ची. वास्को द गामाच्या पणतवाने पणजोबाच्या स्मरणार्थ बांधलेली, मग पडली आणि १९५४ साली पुन्हा उभी केली. दुसरी फेरी रायबंदरहून सुटते. पलीकडे पोचायला काही मिनिटं लागतात. बोट टेकायच्या आधीच सगळ्या स्कूटर सुरू होतात, लोखंडी फळी धक्क्यावर आदळली की खलाशी बाजूला होतो आणि आख्खी बोट एका दमात रिकामी होते. नवखे असाल तर फळीजवळ उभं राहून फोटो काढू नका, लोक शिव्या देतात. बरोबरच आहे त्यांचं.

स्कूटर बरोबर घ्या, सहा जणांना तीन पुरतात. भाड्याची असेल तर काळी नंबरप्लेट आणि त्यावर पिवळी अक्षरं आहेत ना, ते बघून घ्या. हेल्मेट दोघांनाही. चालायचं म्हटलं तर धक्क्यापासून पिएदाद गावापर्यंतचा रस्ता उघड्या खाजनातून, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांतून जातो आणि जानेवारीतही अकरानंतर ऊन चांगलंच भाजतं.

आता मुख्य गोष्ट जेवणाची. बेटावर गावातल्यांची छोटी बार अँड रेस्टॉरंट आहेत. पुढे चार-सहा टेबलं, मागे घरचंच स्वयंपाकघर. नाव मुद्दाम देत नाही. अशी जागा नाव छापून आली की सहाच्या जागी साठ जण येतात आणि मग तिथलं हुमण (माशांची आमटी) पाणचट होतं. एक-दोन दिवस आधी धक्क्यावर कुणालाही विचारा, नाव-नंबर सांगतील. एकच करा: आदल्या दिवशी फोन करा, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत पोचून आधी जेवण सांगा, मग फिरायला जा. उलटं केलंत, म्हणजे फिरून दीड वाजता भुकेले जाऊन बसलात, तर ‘वेळ लागतलो’ हे शांतपणे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्यात उद्धटपणा नसतो. नारळ त्या वेळी खोवायला घेतलेला असतो.

मेनूकार्ड असलं तरी बाजूला ठेवा आणि ‘आज काय मासळी आली?’ एवढंच विचारा. चांगल्या ठिकाणी बाई ताटात कच्चा मासाच आणून दाखवते, कल्ला उचलून लाल आहे की नाही हेही दाखवते. चोणक असेल तर विचार करू नका, रव्यात तळून घ्या. काळुंदर लहान आणि काटेरी, पण रशाद (लाल मिरचीचा आंबट-तिखट) मसाला भरून तव्यावर केलेलं असलं की काट्यांची तक्रार कुणी करत नाही. शेवटे मासे, कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या), जे मिळेल ते. भात उकड्या तांदळाचा मागा. उर्राक (काजूच्या बोंडांची ताजी दारू) मागू नका, तो काजूच्या हंगामात, साधारण मार्चपासून. जानेवारीत फेणी मिळेल, आणि स्कूटर चालवणाऱ्या तिघांना तीही नको.

ही मासळी येते कुठून ते फिरताना दिसतं, म्हणून खाजनाच्या बांधावरून एक चक्कर माराच. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात आणि बांधाला जागोजागी मानस, म्हणजे लाकडी दरवाजे. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दरवाजे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी नदीकडे ओढ घेतं. त्या ओढीत जाळं लावलं की सुंगटं (कोळंबी) आणि मासे येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती-ओहोटी मोठी, त्यामुळे तेव्हा पकडही चांगली. तारीख हातात असेल तर पंचांग बघून या. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

जेवण सांगितल्यावर दीड-दोन तास हातात असतात. टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चपाशी चढून या, तिथून मांडवीची वळणं आणि पलीकडचं जुने गोवे दिसतं. इतिहासात रस असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरचं, कदंबांचं आराध्यदैवत. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. २०२३मध्ये ते पुन्हा दुरुस्त होऊन खुलं झालंय. बेटावरून नार्व्यालाही फेरीबोट आहे, पण हे जेवणाआधी करायचं असेल तर वेळेचा अंदाज घ्या. मी तरी जेवणानंतरच्या खात्यात टाकतो, आणि जेवणानंतर कुणी उठत नाही.

पक्ष्यांचं वेड असणारा कुणी असेल तर त्याला सकाळी रायबंदरहून शेजारच्या चोडण बेटाच्या फेरीत बसवा. चोडणच्या धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८चं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. लवकर जाऊन रायबंदरला परत आलं की तिथूनच दिवाडीची बोट मिळते.

रविवार टाळा, बेटावरच्यांचेच पाहुणे टेबलं अडवून बसलेले असतात. रोख पैसे खिशात ठेवा. आणि उशीर करणार असाल तर शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच खलाशाला विचारून घ्या.

राहिले तुमचे दोन शाकाहारी. त्यांचं आदल्या दिवशीच्या फोनवरच सांगा, म्हणजे डाळ, भेंडी किंवा तेंडलीची भाजी, सोलकढी आणि पोई (गोव्याचा पाव) एवढं व्यवस्थित होतं. ऐन वेळी सांगितलंत तर सॅलड आणि फ्राइज पुढ्यात येतात. तवा एकच असतो, तो चालत नसेल तर तेही तेव्हाच बोला. बाकी टेबलावर लोणच्यासारखं दिसणारं बलचाव आणि कोशिंबिरीसारखं दिसणारं किसमूर आलं, तर त्यांना हात लावू देऊ नका. दोन्हींत सुकी सुंगटं असतात.