टेलेक्स रिलीज देण्याआधी: तीन मूळ बीएल आत्ता कुठे आहेत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टेरी टॉवेलचा एक कंटेनर न्हावा शेवामार्गे दुबईच्या जेबेल अली बंदराला गेलाय. माल ४०,००० डॉलरचा. ३० टक्के आगाऊ आले, २८,००० डॉलर बाकी आहेत. कंटेनर उतरलाय. दुबईचं गिऱ्हाईक म्हणतंय, "टेलेक्स रिलीज द्या, दोन दिवसांत पैसे टाकतो." फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा) म्हणतोय, "सरेंडर करून टाका, एका दिवसाचं काम." मूळ बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या मूळ प्रती, तुम्ही बँकेत दिलेत.

आधी उत्तर सांगतो. २८,००० डॉलर तुमच्या खात्याला जमा झाल्याचं तुमची बँक सांगत नाही तोवर सरेंडर करू नका, म्हणजे मूळ बीएल जहाज कंपनीला परत देऊ नका. फॉरवर्डर खोटं बोलत नाहीये, काम खरंच एका दिवसाचं आहे. घोर त्या एका दिवसाचाच आहे. एका दिवसात होतं आणि फिरवता येत नाही.

टेलेक्सचं यंत्र आता कुठल्या ऑफिसात शोधून सापडणार नाही, नाव तेवढं उरलंय. आता टेलेक्स रिलीज म्हणजे असं: शिपर (माल पाठवणारा, म्हणजे तुम्ही) बीएलच्या सगळ्या मूळ प्रती इथल्या बंदरातल्या लाइनच्या (जहाज कंपनीच्या) एजंटला परत देतो. एजंट त्यावर "सरेंडर्ड"चा शिक्का मारतो आणि तिकडच्या एजंटला सिस्टिममधून किंवा मेलने कळवतो की मूळ प्रत न मागता या कन्सायनीला (बीएलवर माल घेणारा म्हणून नाव असलेल्याला) माल द्या. मग कन्सायनी आपली ओळख पटवून, तिथले चार्जेस भरून डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) घेतो. डीओ एकदा निघाला की संपलं. त्याआधी तुम्ही "थांबवा" म्हणून मेल टाकू शकता, पण लाइन ऐकेलच असं नाही, कारण कागद तुम्हीच परत दिलेला असतो.

बीएल नुसती पावती असती तर एवढं जपायचं कारण नव्हतं. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरच्या हक्काचा कागद, अशी तीन कामं ती करते. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याच्या हातात तिसऱ्यामुळेच दोरी राहते. साधारण तीन मूळ प्रती निघतात आणि बीएलवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की एक प्रत वापरली गेली की बाकीच्या रद्द. म्हणून "दोन प्रती बँकेतून, एक थेट आम्हाला कुरिअर करा" असं एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैसे देण्याची हमी) लिहून येतं तेव्हा दचकायला हवं. ती एक प्रत माल सोडवायला पुरते.

आता तुमच्या प्रकरणाकडे. पहिला प्रश्न, त्या तीन प्रती आत्ता नेमक्या कुठे आहेत? "बँकेत" हे उत्तर पुरेसं नाही. सोलापुरातल्या बऱ्याच शाखा परदेशी व्यवहाराचे कागद पुण्या-मुंबईच्या केंद्राकडे पाठवतात. शाखेला विचारा: कागद अजून इथेच आहेत, केंद्रात आहेत, की दुबईच्या बँकेकडे कुरिअर झालेत? कुरिअर झाले असतील तर त्याचा एअरवे बिल नंबर मागा.

दुबईला पोहोचले असतील तर टेलेक्स रिलीजची गरजच नाही. गिऱ्हाइकाने तिथल्या बँकेत पैसे भरावेत, बीएल घ्यावी, लाइनच्या काउंटरला द्यावी, माल उचलावा. डीपी (डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट, आधी पैसे मग कागद) म्हणजे तेच. कागद दाराशी आलेले असताना कुणी टेलेक्सच मागत असेल, तर त्याला माल पैशाआधी हवाय एवढाच अर्थ निघतो. कागद इकडेच असतील तर पैसे आल्यावर बँकेला पत्र देऊन ते परत घ्यायचे आणि मग सरेंडर. मधल्या वाटेत असतील तर पोहोचू द्या.

दुसरी गोष्ट, बीएलचा कन्सायनी रकाना. तिथे थेट गिऱ्हाइकाचं नाव असेल तर सरेंडर सरळ आहे. नुसतं "टू ऑर्डर" असेल तर पाठीमागे तुमचा शिक्का आणि सही, म्हणजे एंडोर्समेंट लागते, आणि माल कुणाला द्यायचा ते पत्रात वेगळं लिहावं लागतं. "टू ऑर्डर ऑफ" पुढे बँकेचं नाव असेल तर तुमच्या एकट्याच्या सहीने काहीच होत नाही, त्या बँकेची एंडोर्समेंट हवी. बँकेला न विचारता तिचं नाव कन्सायनी म्हणून घालायचं नसतं, हे यूआरसी ५२२च्या (बँकेमार्फत वसुलीचे आंतरराष्ट्रीय नियम) कलम १० मध्येच आहे. पण फॉरवर्डरकडून बीएलचा ड्राफ्ट तपासायला येतो तेव्हा हा रकाना कुणी वाचत नाही. सगळे कार्टनची संख्या आणि वजनच बघत बसतात.

तिसरी गोष्ट, आणि फसगत इथेच जास्त होते. बीएलवर लोगो कुणाचा आहे? शिपिंग लाइनचा असेल तर ती मास्टर बीएल. फॉरवर्डरचा असेल तर ती हाउस बीएल, आणि लाइनची मास्टर वेगळी आहे: तिच्यात शिपर म्हणून फॉरवर्डर आणि कन्सायनी म्हणून त्याचा दुबईचा एजंट. लाइनच्या दृष्टीने कंटेनर त्या एजंटचा, तुम्ही चित्रातच नाही. मास्टर बीएल बहुतेक वेळा आधीच सरेंडर झालेली किंवा सी वे बिलवर (मूळ प्रत न निघणारा कागद) असते. म्हणजे माल तुमच्या परवानगीविना सुटू नये ही जबाबदारी फक्त त्या एजंटवर उरते. विक्री एफओबी न्हावा शेवा (जहाजाचं भाडं गिऱ्हाइकाकडे) असेल तर फॉरवर्डर गिऱ्हाइकानेच नेमलेला असतो, मग तो कुणाचं ऐकेल हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी फॉरवर्डर डीजी शिपिंगकडे (केंद्राचं जहाजवाहतूक खातं) एमटीओ, म्हणजे मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, म्हणून नोंदलेला आहे का ते नक्की बघा. नोंदणी १९९३च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याखाली होते आणि नंबर बीएलवर छापलेला असतो. नसेल तर त्या हाउस बीएलवर पैसे अडवून धरण्याची भिस्त ठेवू नका.

पैसे "आले" म्हणजे काय, हेही पक्कं करून घ्या. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर स्विफ्ट कॉपी (बँकेने परदेशी पैसे पाठवल्याची प्रत) पाठवेल. ती पीडीएफ म्हणजे पैसे नव्हेत. खरी असली तरी पैसे मधल्या बँकेत अडकू शकतात, आणि खोटी बनवायला दहा मिनिटं लागतात. कॉपीवर यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा कोड असतो. तो बँकेच्या फॉरेक्स माणसाला द्या, रक्कम कुठवर आलीय ते त्याला दिसतं. कोड नाही किंवा ट्रॅक होत नाही म्हटलं की समजून जा. आणि जमा रक्कम २८,००० ऐवजी २७,९५५ आली तर घाबरू नका, मधल्या बँकांचे चार्जेस कापले जातात. पुढच्या वेळी पीआयमध्येच (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस) लिहा की दोन्हीकडचे चार्जेस गिऱ्हाइकाचे.

पैसे जमा झाल्यावरचं काम असं. कंपनीच्या लेटरहेडवर लाइनला, किंवा हाउस बीएल असेल तर फॉरवर्डरला, पत्र: बीएल नंबर, जहाज आणि व्हॉयेज, कंटेनर नंबर, कन्सायनीचं पूर्ण नाव बीएलवर आहे अगदी तसं, आणि वाक्य असं की तीनही मूळ प्रती परत देत आहोत, मूळ प्रत न मागता माल सोडावा. अधिकृत सहीवाल्याची सही, शिक्का. तीनही प्रतींच्या मागे एंडोर्समेंट. काही लाइन आपल्याच नमुन्यात पत्र मागतात, आधी विचारून घ्या. लाइनचे काउंटर मुंबई-नवी मुंबईत. कुरिअरला एक-दोन दिवस जातात, घाई असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने माणूस पाठवा, सकाळी मुंबईत. तिथून सीएचएचा (कस्टम्स एजंटचा) माणूस काम करतो. सरेंडर फी लाइनप्रमाणे बदलते. ती, टीएचसी (बंदरातला हाताळणी खर्च) आणि फ्रेट (जहाजाचं भाडं) प्रीपेड असेल तर फ्रेट, यातलं काहीही बाकी असेल तर मेसेज जात नाही. शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स आणि तिकडे गेलेल्या मेसेजची प्रत, दोन्ही मागून फाइलला लावा.

अडकतं कुठे? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रतीपाशी. दोन प्रती आणल्या, तिसरी बँकेच्या पाकिटात राहिली. लाइन पूर्ण संच मागते आणि तिचं बरोबर आहे, बाहेर फिरणाऱ्या तिसऱ्या प्रतीवर उद्या दुसरा कुणी माल मागायला आला तर? प्रत खरोखर हरवली असेल तर इंडेम्निटी (नुकसानभरपाईची लेखी हमी), बँक गॅरंटी, पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहिरात अशी वरात निघते आणि आठवडे जातात. दुसरी अडचण नावाची. बीएलवर "ट्रेडिंग एलएलसी" आणि गिऱ्हाइकाच्या लायसन्सवर "जनरल ट्रेडिंग एलएलसी", की दुबईचा एजंट अडवतो. तिसरी, हाउस सरेंडर झाली, मास्टर राहिली. चौथी, सुट्टी. अमिरातीत २०२२पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवार अर्धा दिवस. सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार. सौदीच्या मालाचं सरेंडर गुरुवारी दुपारनंतर केलंत तर तिकडे रविवारी बघतील, आणि रविवारी तुमचं ऑफिस बंद.

गिऱ्हाईक आता म्हणेल, "डिमरेज चढतंय, तुमच्यामुळे." यात थोडं तथ्य आहे, म्हणून मीटर कुणाच्या नावावर चढतं ते कळायला हवं. भरलेला कंटेनर बंदरात पडून राहिला की डिमरेज, बाहेर नेऊन रिकामा परत केला नाही की डिटेन्शन. आधी गिऱ्हाइकाकडे मागतात. पण बीएलच्या अटींत "मर्चंट" या शब्दात शिपरही येतो, आणि गिऱ्हाइकाने माल सोडून दिला तर लाइन तुमच्याकडे वळते. म्हणजे बीएल दाबून बसणं फुकट नाही. फ्री डेज (डिमरेज लागण्याआधीचे फुकट दिवस) किती उरलेत ते आजच लाइनकडून लेखी घ्या आणि गिऱ्हाइकाला तारीख घालून कळवा. त्या तारखेनंतर दुसरं गिऱ्हाईक शोधायचं किंवा माल परत आणायचा. जेबेल अली हे मोठं बंदर, शेजारी फ्री झोन, दुसरा घेणारा मिळणं तुलनेने सोपं. तुर्कस्तानसारख्या देशात पहिल्या कन्सायनीचं ना-हरकत पत्र लागतं, तिथे हा खेळ फार महाग पडतो. पुढच्या बुकिंगला दरासोबत १४ फ्री डेज मागा. बुकिंगच्या वेळी मागितले तर मिळतात, माल उतरल्यावर कुणी देत नाही.

"आम्ही लाइनला एलओआय देतो, तुम्ही काळजी करू नका," असंही ऐकू येईल. एलओआय म्हणजे लेटर ऑफ इंडेम्निटी. ती भानगड गिऱ्हाईक आणि लाइन यांच्यातली. मूळ बीएलशिवाय माल दिला तर पी अँड आय क्लबचं (जहाजमालकांची विमा संस्था) विमा संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून लाइन बँकेची सही असलेली इंडेम्निटी मागते, बहुधा मालाच्या किमतीच्या दीडपट-दुप्पट रकमेची. एलसीखाली बँक जी शिपिंग गॅरंटी देते ती याच जातीची, आणि ती घेतल्यावर आयातदाराला नंतर कागदांत चुका काढून पैसे नाकारता येत नाहीत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की एलओआय घेऊन माल सोडला तरी तुमच्या बीएलचा हक्क जात नाही. १९५९च्या झे हाय टोंग बँक विरुद्ध रॅम्बलर सायकल खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच ठरवलं: सिंगापुरात सायकलींचे भाग इंडेम्निटीवर बीएलविना दिले, वाहतूकदार जबाबदार ठरला. पण दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि बीएलवर बहुधा परदेशी कोर्ट लिहिलेलं असतं. २८,००० डॉलरसाठी लंडनचा वकील परवडतो का, याचा हिशोब तुम्हीच करा.

सी वे बिल हा वेगळा प्रकार. तिथे मूळ प्रतच निघत नाही, कन्सायनीने ओळख पटवली की माल मिळतो. १०० टक्के आगाऊ असेल किंवा स्वतःच्याच कंपनीला माल जात असेल तर झकास, कुरिअरचाही खर्च वाचतो. उधारीच्या नव्या गिऱ्हाइकाला कधीच नाही. न्हावा शेवा ते जेबेल अली काही दिवसांचाच प्रवास, कागद बँकेतून त्याहून सावकाश जातात, म्हणून आखातातले खरेदीदार टेलेक्स मागतात आणि त्यात वावगं काही नाही. त्यावर तोड म्हणजे पैशाची अट बदलणं: ३० टक्के आगाऊ, ७० टक्के बीएलची स्कॅन प्रत पाहून, जहाज पोहोचायच्या आत. पैसे आले की त्याच दिवशी सरेंडर. हे पीआयमध्ये लिहिलेलं असलं की बंदरात कंटेनर उभा करून वाद घालावा लागत नाही.

बँकेकडचं एक. कागद परत घेतले तरी शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का ते बघणारी रिझर्व्ह बँकेची सिस्टिम) उघडंच राहतं. आगाऊचे १२,००० आणि नंतरचे २८,००० दोन्ही त्याच शिपिंग बिलाला जोडून घ्या, नाहीतर पुढे बँकेची नोटीस येते. ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) कव्हर घेतलं असेल आणि तिथे अट डीपी दाखवलेली असेल, तर पैशाविना सरेंडर करून तुम्ही स्वतःच ती अट मोडता. दावा अडकला तर तक्रारीला जागा राहत नाही.

रोज एकदा लाइनच्या साइटवर कंटेनर नंबर टाकून बघत राहा. तीनही मूळ प्रती तुमच्या किंवा बँकेच्या ताब्यात असताना तिथे "गेट आउट फुल" (भरलेला कंटेनर बंदराबाहेर गेला) दिसलं, तर त्याच तासाला लाइन आणि फॉरवर्डर दोघांना लेखी मेल टाका आणि स्क्रीनचा फोटो ठेवा. "एम्प्टी रिटर्न" दिसेपर्यंत थांबलात तर टॉवेल दुबईतल्या देराच्या दुकानात लागलेले असतील.

बीएलवर लोगो कुणाचा आहे, कन्सायनी रकान्यात नेमकं काय छापलंय आणि कागद आज कुठे आहेत, एवढं इथे लिहा. नंबर आणि नावं झाकून. मग सरेंडरच्या पत्राचा मसुदा कसा करायचा ते सांगतो.