शून्य क्रमांकाची जर्सी

प्रश्न : आम्ही २०११ पासून ऑरेगन राज्यातील हिल्सबरो येथे राहतो. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स हा आमच्या घरचा संघ आणि डेमियन लिलार्ड हा माझ्या मुलाचा सर्वांत आवडता खेळाडू. जुलै २०२३ मध्ये लिलार्डने ‘मला दुसऱ्या संघाकडे पाठवा’ अशी मागणी केली, तेव्हा अकरा वर्षांच्या माझ्या मुलाने त्याची शून्य क्रमांकाची जर्सी कपाटाच्या तळाशी कोंबून ठेवली. ‘या खेळाडूंना शेवटी स्वतःचेच पडलेले असते,’ असे मीही त्याला म्हणाले. २०२५ मध्ये लिलार्ड परत आला आणि मुलाने जर्सी शोधून काढली, पण आता ती त्याला होत नाही. “आई, आपण तेव्हा चुकलो होतो का?” या त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. आपण द्याल का?
— एक वाचक, हिल्सबरो

उत्तर : आपल्याला वाईट वाटले यात काहीही चूक नव्हती. आपण मुलाला जे वाक्य ऐकवलेत ते मात्र लिलार्डला लागू पडत नाही, आणि का लागू पडत नाही हे त्याला आता समजू शकेल.

२०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सहाव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू पोर्टलंडसाठी अकरा हंगाम खेळला. मे २०१४ मध्ये प्लेऑफमधील, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधील, ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेच्या सहाव्या सामन्यात ०.९ सेकंद उरलेले असताना आणि संघ दोन गुणांनी मागे असताना त्याने तीन गुणांचा बास्केट केला, आणि २००० नंतर प्रथमच पोर्टलंडने प्लेऑफची एक फेरी जिंकली. पुढच्याच वर्षी सुरुवातीच्या पाच जणांपैकी चौघे संघातून गेले. ऑल्ड्रिजसारख्या मोठ्या खेळाडूने सॅन अँटोनिओची वाट धरली, तरी लिलार्ड थांबला. एप्रिल २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ३७ फुटांवरून चेंडू टाकून त्याने मालिका संपवली, तो दिवस आपल्या घरातही कोणी विसरले नसेल. डिसेंबर २०२२ मध्ये क्लाइड ड्रेक्सलरला मागे टाकून तो या क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एकाच सामन्यात त्याने ७१ गुण केले.

याच काळात संघाचे काय चालले होते, हेही पाहायला हवे. २०१९ नंतर प्लेऑफची एकही फेरी जिंकता आली नाही आणि २०२२ व २०२३ मध्ये तर प्लेऑफमध्ये प्रवेशही मिळाला नाही. नऊ हंगाम लिलार्डच्या जोडीने खेळलेल्या सीजे मॅकॉलमला क्लबने फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडे पाठवले. ३२ वर्षांचा लिलार्ड अनुभवी खेळाडू आणा असे जाहीरपणे सांगत होता. जून २०२३ मध्ये ड्राफ्टमधील तिसरा क्रमांक हाती आला, तेव्हा क्लबने तो देऊन अनुभवी खेळाडू न घेता १९ वर्षांचा स्कूट हेंडरसन निवडला. क्लबच्या भविष्याचा विचार करता तो निर्णय समजण्यासारखा होता, पण लिलार्डजवळ तेवढी वर्षे उरली नव्हती. १ जुलैची मागणी या दोन भिन्न वेळापत्रकांतून आली, आणि मॅकॉलमला पाठवणाऱ्या क्लबकडून आपण ज्या निष्ठेची अपेक्षा ठेवली नाही, ती अकरा वर्षे थांबलेल्या माणसाकडून मात्र कायमची मागितली, हे मला न्याय्य वाटत नाही.

त्याची एक गोष्ट मलाही पटली नाही. त्याला केवळ मायामीलाच जायचे होते आणि त्याच्या प्रतिनिधीने हे इतर संघांच्याही कानांवर घातले. एकच ग्राहक ठरवून दिला की विकणाऱ्याचा भाव पडतो. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्या संघाची सौदा करण्याची ताकद कमी करू नये, असे ज्या चाहत्यांना वाटले त्यांचा राग रास्त होता. व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी घाई केली नाही. २७ सप्टेंबर २०२३ रोजी तीन संघांचा मिळून जो सौदा झाला, त्यात लिलार्ड मिलवॉकीला गेला आणि मायामी बाजूलाच राहिले.

पोर्टलंडला हा अनुभव नवा नाही, हेही मुलाला सांगा. या क्लबने आजवर एकदाच, १९७७ मध्ये, विजेतेपद पटकावले आणि त्या संघाचा कणा असलेल्या बिल वॉल्टनने पुढच्याच वर्षी, दुखापतींवरील उपचारांवरून मतभेद झाल्यामुळे, संघ सोडण्याची मागणी केली. एक हंगाम तो खेळलाच नाही आणि नंतर सॅन डिएगोला गेला. ड्रेक्सलरनेही विजेतेपदाच्या आशेने जाण्याची इच्छा व्यक्त केली. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो ह्यूस्टनला गेला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. आज वॉल्टनचा ३२ आणि ड्रेक्सलरचा २२ हे दोन्ही क्रमांक पोर्टलंडने सन्मानाने निवृत्त केलेले आहेत. त्या वेळी संतापलेले कित्येक चाहते आपल्याच परिसरात असतील. मुलाला एखाद्या वयस्क शेजाऱ्याकडे नेऊन ती हकिगत ऐकवलीत तर माझ्या उत्तरापेक्षा ती त्याच्या अधिक लक्षात राहील.

३१ जानेवारी २०२४ रोजी लिलार्ड मिलवॉकीच्या पोशाखात पोर्टलंडच्या घरच्या मैदानात, मोडा सेंटरमध्ये, खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले आणि मग आपला संघ ११९–११६ असा जिंकला. त्या रात्री प्रेक्षकांनी जे केले, त्याहून योग्य वागणे मला सुचत नाही. जर्सी होत नसेल तर ती जपून ठेवावी आणि मापाची दुसरी आणावी.

प्रश्न : लिलार्डचा करार २०२७ पर्यंतचा होता. कोट्यवधी डॉलरच्या करारावर सही करून वर्षभरातच ‘मला पाठवा’ म्हणणे हा करारभंग ठरत नाही का? क्लबने नकार दिला असता तर त्याने काय केले असते?
— महाविद्यालयीन खेळाडू, पुणे

उत्तर : नाही, हा करारभंग नाही. २०२२ मध्ये त्याने दोन वर्षांची, सुमारे १२ कोटी २० लाख डॉलरची मुदतवाढ स्वीकारली होती, हे खरे आहे. पण बदलीची मागणी ही केवळ विनंती असते आणि ती मान्य करण्याचे कोणतेही बंधन क्लबवर नसते. करारभंग होतो तो खेळण्यास नकार दिल्यावर. म्हणूनच जुलै २०२३ मध्ये एनबीएने सर्व संघांना पत्र पाठवून बजावले की, मायामीखेरीज अन्यत्र पाठवल्यास लिलार्ड मनापासून खेळणार नाही असे यापुढे सुचवले गेले तर शिस्तभंगाची कारवाई होईल. मागणी जाहीरपणे करण्यासही दंड आहे. जानेवारी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसला ५० हजार डॉलर भरावे लागले होते.

आपल्याकडे आयपीएलमध्ये असा व्यवहार होण्यासाठी खेळाडूची संमती लागते. एनबीएमध्ये ती सहसा लागत नाही. सहसा करारात तसे कलम असेल तरच खेळाडू नकार देऊ शकतो आणि असे कलम फार थोड्यांना मिळते. २०२३ मध्ये लिलार्डकडे ते नव्हते. जुलै २०२५ मध्ये पोर्टलंडशी तीन वर्षांचा, सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरचा करार करताना मात्र त्याने ते मिळवले आहे.

प्रश्न : अखेर या व्यवहारात फायदा कोणाचा झाला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मिलवॉकीचा तर झाला नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो संघ इंडियानाकडून पहिल्याच फेरीत हरला. एप्रिल २०२५ मध्ये लिलार्डच्या टाचेच्या वरचा स्नायुबंध फाटला आणि जुलैमध्ये क्लबने त्याला करारातून मोकळे केले. लिलार्डच्या बदल्यात पोर्टलंडला मिळालेल्या खेळाडूंपैकी तूमानी कमारा, ज्याच्याकडे त्या वेळी कोणाचे फारसे लक्ष नव्हते, २०२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. डीआंद्रे एटन दोन हंगाम खेळून गेला. ड्रू हॉलिडेला पोर्टलंडने काही दिवसांतच बोस्टनकडे पाठवले. तिथे तो २०२४ मध्ये विजेता झाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा पोर्टलंडकडेच आला. त्याच्या बदल्यात २०१८ पासून पोर्टलंडकडूनच खेळत आलेला अँफर्नी सायमन्स बोस्टनला गेला. त्याला जायचे आहे का, हे विचारण्याचे बंधन क्लबवर नव्हते.